पाऊण इंचाची टाच

अथेन्सला १८९६ साली पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, त्यात वजन उचलण्याच्या दोन स्पर्धा होत्या. एक एका हाताने उचलण्याची आणि दुसरी दोन्ही हातांनी. दोन हातांच्या स्पर्धेत डेन्मार्कचा विगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो वजन डोक्यावर नेले. मग पहिला कोण? येन्सनची उचल जास्त सफाईदार होती आणि एलियटचा एक पाय उचलताना हलला होता, म्हणून पहिला क्रमांक येन्सनला मिळाला. एलियटने पुढे एका हाताच्या स्पर्धेत ७१ किलो उचलून आपली भरपाई करून घेतली. हा एलियट जन्मला होता आपल्या जवळच, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कलादगी या गावी. आज हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे.

वजन हातांनी उचलायचे, पण निकाल लागला तो पायावरून. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. डोक्यावर शंभर किलोंची दांडी धरलेला माणूस आणि जमीन यांच्यात दुवा एकच असतो, दोन तळवे. सगळा भार तिथूनच जमिनीत जातो. जमिनीची प्रतिक्रियाही तिथूनच वर येते.

आजच्या वेटलिफ्टरचे बूट जवळून पाहिले तर ते जरा विचित्रच दिसतात. तळ लाकडासारखा कडक असतो. टाच चवड्यापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण पाऊण इंच, उंच असते. लेस असतेच, शिवाय पायाच्या वरून एक रुंद पट्टा आवळलेला असतो. हे बूट घालून धावता येत नाही, धड चालताही येत नाही. मग ते असे का बनले? याचे उत्तर शोधताना घोट्याचे शरीरशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास, असे सगळेच हाताशी लागते. आणखी एक गोष्टही लागते. आपले विद्यार्थी हल्ली व्यायामशाळेत जाऊन जे प्रश्न विचारतात, “कोणते बूट घेऊ?” आणि “महिन्याभरात किती वजन उचलू शकेन?”, त्यांची उत्तरे देण्याची एक पद्धत.

आधी उकिडवे बसून पाहू

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पाच-सहा मुलांना अनवाणी उभे करा. पाय खांद्यांइतके फाकवून, हात समोर धरून, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून त्यांना पूर्ण खाली बसायला सांगा. काही मुले सहज बसतील. काहींच्या टाचा उचलल्या जातील. काही जण टाचा टेकवून ठेवतील, पण मग एकदम मागे पडतील.

असे का होते? कोणतीही वस्तू उभी राहण्यासाठी तिच्या गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा तिच्या पायाच्या आतच पडली पाहिजे, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. उकिडवे बसताना ढुंगण मागे जाते. त्याचा तोल सावरायला गुडघे पुढे यावे लागतात. गुडघे पुढे यायचे तर नडगी पुढे झुकायला हवी, म्हणजे घोट्याचा सांधा तितका वाकायला हवा. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड शीर (स्नायुरज्जू) आखडलेली असेल तर तो वाकत नाही. मग शरीरापुढे तीन मार्ग उरतात: टाच उचलणे, कमरेतून खूप पुढे वाकणे, किंवा मागे पडणे.

जी मुले लहानपणापासून उकिडवी बसत आली आहेत त्यांना हे सहसा सोपे जाते. खुर्ची, बाक आणि कमोड यांची सवय असणाऱ्यांना जड जाते. पण सवय हे एकच कारण नाही. ज्यांची मांडी नडगीच्या मानाने लांब असते, त्यांचे ढुंगण जास्त मागे जाते आणि त्यांना जास्त पुढे वाकावे लागते. तेव्हा एखाद्याला बसता येत नाही म्हणजे तो आळशी, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

आता ज्यांना बसता आले नाही त्यांच्या टाचांखाली साधारण दोन सेंटीमीटर जाडीची फळी सरकवा आणि पुन्हा बसायला सांगा. बहुतेकांना फरक लगेच जाणवेल. हिशेबही करता येतो. टाच ते चवडा हे अंतर सुमारे १७ सेंटीमीटर धरले आणि टाच २ सेंटीमीटर उचलली, तर तळवा सुमारे ७ अंशांनी उतरता होतो. घोटा आहे तितकाच वाकला तरी नडगी ७ अंश जास्त झुकते. घोट्यापासून गुडघा ४० सेंटीमीटर वर असेल तर गुडघा चार ते पाच सेंटीमीटर जास्त पुढे जातो, आणि पाठ तेवढी सरळ राहू शकते. त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांनी ही आकडेमोड स्वतः करून पाहावी.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरे

वजन घेऊन खाली बसायचे तर घोट्याचे काय करायचे, हा प्रश्न निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी सोडवला आहे.

पहिले उत्तर आपल्या तालमीतले. बैठक मारताना खाली जाताजाता टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यावर येतो. घोट्याचा अडसरच राहत नाही, आणि धड जवळजवळ सरळ खाली जाते. तालमीत अनवाणी, लाल मातीत शेकडो बैठका मारायच्या असतात. तिथे हे उत्तर उत्तम आहे. पण खांद्यावर किंवा डोक्यावर शंभर किलो असताना नुसत्या चवड्यांवर तोल सांभाळणे धोक्याचे. आधाराचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

दुसरे उत्तर युरोपातले. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुतेक खेळाडू दांडी वर खेचली की एक पाय पुढे आणि एक मागे टाकून तिच्याखाली शिरत. याला ‘स्प्लिट’ म्हणतात. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा विजेता, फ्रान्सचा शार्ल रिगुलो याच पद्धतीने उचलत असे. यात मागच्या पायाची टाच उचललेलीच असते, पुढच्या पायाचा घोटा फारसा वाकवावा लागत नाही आणि पुढे-मागे आधार लांबलचक मिळतो. त्यामुळे खास बुटांची गरज तितकी नव्हती. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर कुणाच्या पायात साधे चामडी बूट दिसतात, कुणाच्या पायात पट्ट्यांच्या चपला. अशाच रोमन थाटाच्या चपला घालून यूजेन सँडो छायाचित्रे काढून घेत असे. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो, ते त्याच्याच नावावरून, असे मानले जाते.

तिसरे उत्तर म्हणजे दोन्ही पाय शेजारी ठेवून थेट उकिडवे बसणे. ‘स्क्वॉट’ पद्धत ती हीच. हिचा फायदा साधा आहे. माणूस जितका खाली जाईल तितकी दांडी कमी उंच खेचावी लागते. स्प्लिटमध्ये जितके खाली जाता येते त्याहून स्क्वॉटमध्ये जास्त जाता येते. पण त्यासाठी घोटा, गुडघा आणि खांदा तिन्ही लवचीक हवेत, आणि पुढे-मागे चुकायला फारशी जागा नसते. १९५० आणि १९६० च्या दशकांत दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदत होत्या. पूर्वी दांडी वर खेचताना ती मांडीला लागली तर उचल बाद होई. १९६० च्या दशकात हा नियम सैल झाला, आणि दांडी अंगालगत ठेवून खेचणे व थेट खाली बसणे आणखी सोयीचे झाले. सत्तरीच्या दशकात स्क्वॉटचे पारडे पुरते जड झाले.

याच सुमारास आणखी एक बदल घडला. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये तीन प्रकार होते: प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये दांडी छातीपासून केवळ हातांच्या बळावर वर ढकलायची असे. हळूहळू खेळाडू मागे इतके वाकू लागले की उभ्याने चाललेला हा प्रकार उताणे पडून ढकलण्यासारखा दिसू लागला. किती वाकले म्हणजे चूक, यावर पंचांचे एकमत होईना. पाठीच्या कण्यावर ताण येई तो वेगळाच. अखेर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस काढून टाकण्यात आला. उरलेले दोन्ही प्रकार पायांच्या ताकदीवर आणि खोल बसण्यावर अवलंबून होते. प्रेसच्या काळात उंच गळ्याचे, घोटा घट्ट धरणारे बूट पुष्कळ दिसतात. त्यानंतर घोटा मोकळा सोडणारे, टाच उंच आणि कडक असणारे बूट सर्वत्र दिसू लागले. नियम बदलला, तंत्र बदलले आणि त्यामागोमाग बूट बदलले.

म्हणजे ही पाऊण इंचाची टाच कुणा कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नवलाई नाही. एका विशिष्ट हालचालीने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ती हालचाल आपण करणारच नसू, तर ते उत्तर आपल्या काय कामाचे?

तळ कडक कशासाठी?

धावण्याच्या बुटांचा तळ मऊ असतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट बल जमिनीवर आदळते. मऊ तळ दबतो, थांबण्याचा काळ लांबवतो आणि धक्का कमी करतो. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच तत्त्व.

वजन उचलताना मात्र हाच मऊपणा अडचणीचा ठरतो. समजा, ६० किलोंच्या मुलाने १०० किलो डोक्यावर धरले आहेत. तळव्यांवर १६० किलोंचा भार आहे. तळ मऊ असेल तर तो सगळीकडे सारखा दबेलच असे नाही. तळव्याची रुंदी ८ सेंटीमीटर धरली आणि आतली कड बाहेरच्यापेक्षा फक्त ४ मिलीमीटर जास्त दबली, तरी तळवा सुमारे ३ अंशांनी कलतो. शरीर काठीसारखे ताठ असते तर २ मीटर उंचीवरची दांडी सुमारे १० सेंटीमीटर बाजूला गेली असती! शरीर काठी नसते. घोटा, गुडघा, कंबर सतत सावरत राहतात, म्हणून दांडी पडत नाही. पण या सावरण्यात ताकद खर्च होते आणि गुडघा आत किंवा बाहेर झुकतो. कडक तळावर हा खर्च वाचतो. पूर्वी यासाठी लाकडाची किंवा एकावर एक चिकटवलेल्या चामड्याच्या थरांची टाच करत. आता कडक प्लॅस्टिकचीही करतात.

आता उलट बाजू पाहू. जमिनीवरची दांडी नुसती कमरेपर्यंत उचलून सरळ उभे राहायचे, या प्रकाराला ‘डेडलिफ्ट’ म्हणतात. इथे खोल बसायचे नसते. उंच टाचेने माणूस उंच होतो आणि दांडी तेवढी जास्त वर न्यावी लागते. १५० किलो वजन २ सेंटीमीटर जास्त उचलायचे तर सुमारे २९ ज्यूल कार्य जास्त लागते. एकूण उचल ५० सेंटीमीटरची धरली तर हे चार टक्के झाले. म्हणून डेडलिफ्ट करणारे सपाट, पातळ तळाचे बूट वापरतात. एकाला फायद्याची असलेली टाच दुसऱ्याला तोट्याची ठरते.

एखादा विद्यार्थी बुटांबद्दल विचारील तेव्हा त्याला उलट तीन प्रश्न विचारावेत. पहिला: तू स्नॅच, क्लीन अँड जर्क किंवा वजन घेऊन खोल बैठका करतोस का? दुसरा: टाचा टेकवून अनवाणी बसल्यावर काय होते? तिसरा: किती महिने नियमित व्यायाम चालू आहे?

नुकती सुरुवात केलेल्याला खास बुटांची गरज नसते. पायात सपाट, कडक तळाचे कॅनव्हासचे साधे बूट असले तरी चालते. मऊ, फुगीर तळाचे धावण्याचे बूट तेवढे टाळावेत. वजनाच्या चकत्या पायावर पडू शकतात, म्हणून अनवाणी किंवा चपला घालून व्यायाम करू नये. घोटा आखडलेला असेल तर तो मोकळा करण्याचा प्रयत्न आधी करावा. भिंतीसमोर पायाचा अंगठा आठ-दहा सेंटीमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. टेकत नसेल तर पाय थोडा जवळ घ्यावा, अंतर मोजून वहीत लिहावे आणि रोज सराव करावा. टाच उंच केल्याने घोट्याची अडचण झाकली जाते, दूर होत नाही.

खोल बैठकांचा आणि स्पर्धेतल्या उचलींचा अभ्यास गंभीरपणे सुरू झाला की बूट घ्यावेत. तेव्हा पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. अंगठ्याने दाबल्यावर टाच दबता कामा नये. तळ जमिनीवर सपाट बसावा, डगमगू नये आणि घसरू नये. पाय आत सरकू नये, पण बोटांना पसरायला जागा हवी. टाचेची उंची १५ ते २२ मिलीमीटरच्या दरम्यान असते. मांडी लांब किंवा घोटा ताठ असेल तर जास्त, नाहीतर कमी. कोणत्या विजेत्याने कोणत्या कंपनीचे बूट घातले होते, हे या यादीत येत नाही.

मिलोचे वासरू

आता दुसरा प्रश्न, किती आणि कधीपर्यंत? त्याचीही एक जुनी गोष्ट आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात क्रोटन या ग्रीक वसाहतीत मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. ऑलिंपियाच्या कुस्तीत तो सहा वेळा जिंकला. तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले, वासरू वाढत गेले तशी त्याची ताकद वाढत गेली आणि शेवटी त्याने पुरता वाढलेला बैल उचलला, अशी कथा सांगतात. चार वर्षांचा बैल खांद्यावर घेऊन तो क्रीडांगणाभोवती फिरला, असेही जुन्या लेखकांनी लिहून ठेवले आहे.

गोष्टीतले तत्त्व खरे आहे. स्नायूंवरचा भार थोडाथोडा वाढवत नेला की शरीर त्याच्याशी जुळवून घेते. पण आकडे मांडून पाहिले की गोष्ट अडखळते. वासरू जन्मतः ३० किलोंचे आणि रोज अर्धा किलो वाढणारे धरू. शंभर दिवसांनी ते ८० किलोंचे होईल, एका वर्षाने २१२ किलोंचे, दोन वर्षांनी ३९५ किलोंचे आणि चार वर्षांनी ७६० किलोंचे! बैलही असा सरळ रेषेत वाढत नाही, आणि माणसाची ताकद तर नाहीच नाही. ‘रोज थोडे वाढव’ हा सल्ला पहिल्या शंभर दिवसांपुरता ठीक आहे. तो कायमचा नियम मानला की माणूस एक तर निराश होतो किंवा जायबंदी होतो.

शिवाय वासराची वाढ मिलोच्या हातात नव्हती. त्याला एखादे दिवशी बरे वाटत नसले तरी वासरू वाढतच राहणार. एकोणिसाव्या शतकातल्या ठरावीक वजनाच्या दांड्यांची अडचण याच्या उलट होती. एका दांडीवरून पुढच्या दांडीवर जायचे म्हणजे मोठी उडी मारावी लागे. १९०२ साली फिलाडेल्फियात ॲलन कॅल्व्हर्टने वजन कमीजास्त करता येईल अशा दांड्या विकणारी कंपनी काढली. तिचे नाव त्याने ठेवले मिलो बारबेल कंपनी. भार आता माणसाच्या ताब्यात आला. पण तो कुणी, कधी, किती वाढवायचा, याचा नियम अजून कुणी घालून दिलेला नव्हता.

लोखंडी बूट

तो नियम आला एका लष्करी इस्पितळातून, आणि गंमत म्हणजे त्यातही एक बूट होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतली इस्पितळे गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांनी भरून गेली होती. मांडीचे स्नायू सुकून जात. अशा रुग्णांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावण्याची तेव्हाची रीत होती. सायकल चालव, जिने चढ वगैरे. त्याने सुधारणा फार हळू होई. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमधल्या थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला हे पटेना. मुलगा असताना संधिज्वराने तो अंथरुणाला खिळला होता आणि त्यातून उठल्यावर वजने उचलून त्याने आपली ताकद कमावली होती. त्याने रुग्णांच्या पायात लोखंडी तळाचा बूट बांधला. त्याला चकत्या अडकवता येत. रुग्ण टेबलाच्या कडेवर बसून गुडघा सरळ करी आणि बुटासकट पाय उचली.

डीलॉर्मने आपली पद्धत १९४५ साली प्रसिद्ध केली. तिचा गाभा मोजमापात होता. रुग्ण एखादे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो, अकराव्यांदा नाही, तर ते वजन त्याचे आजचे माप. दर आठवड्याला हे माप नव्याने घ्यायचे आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचा भार ठरवायचा. सुरुवातीला तो सत्तर ते शंभर उचली करायला लावी. १९४८ पर्यंत वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने हे खूप कमी केले. दहा-दहाच्या तीनच फेऱ्या: पहिली मापाच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण वजनाने, तिसरी पूर्ण वजनाने. आज जगभरच्या व्यायामशाळांत ‘दहा-दहाचे तीन सेट’ चालतात, त्यांचे मूळ मुख्यतः इथे आहे.

मिलोच्या गोष्टीत आणि या पद्धतीत फरक कोणता? मिलोचा भार वासराच्या मर्जीने वाढे. डीलॉर्मचा भार रुग्णाच्या मोजलेल्या ताकदीवरून वाढे. उद्दिष्ट बाहेरून लादलेले नव्हते, आजच्या मापातून निघालेले होते. वास्तव उद्दिष्ट ज्याला म्हणतात ते एवढेच असते.

आलेख कुठे वाकतो?

सुरुवातीची प्रगती भराभर होते, त्याचेही कारण आता कळले आहे. १९७९ साली मोरितानी आणि डीव्ह्राइस यांनी दाखवले की पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू असलेल्या स्नायूंना जास्त चांगले कामाला लावायला शिकतो. स्नायू जाड होण्याचा वाटा त्यानंतर वाढत जातो, आणि त्याला महिने लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात वजन भराभर वाढले तरी आरशात फरक दिसत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वजन वाढणे मंदावते. नेमके याच दोन टप्प्यांवर पुष्कळ मुले व्यायाम सोडतात. आधीच सांगून ठेवले तर काही टिकतील.

जगातल्या उत्तम खेळाडूंचेही असेच होते. मीराबाई चानूची एकूण उचल, म्हणजे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून, वर्गात आलेख काढायला चांगली आहे. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १७० किलो. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत १९४. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १९६. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई स्पर्धेत २०५, आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवताना २०२. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १९९ आणि चौथा क्रमांक. पहिल्या तीन वर्षांत २४ किलोंची वाढ, पुढच्या चार वर्षांत ११ किलोंची, आणि मग आलेख खालीही येतो. मधे २०१६ चे रिओ ऑलिंपिक आहे. तिथे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले आणि एकूण उचल नोंदलीच गेली नाही. आलेखात त्या ठिकाणी बिंदूच नाही. मुलांना विचारा, ही रेषा सरळ पुढे वाढवली असती तर २०२४ साली किती किलो आले असते? आणि तसे का आले नाही?

शिखरावर पायऱ्या किती लहान होतात पाहा. २००० साली सिडनीत महिलांचे वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले. कर्णम मल्लेश्वरीने ११० आणि १३० असे २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. पहिल्या दोघींची एकूण उचल २४२.५ होती. तिचा अखेरचा प्रयत्न १३७.५ किलोंचा होता, तो फसला. तेव्हा वजन अडीच किलोंच्या पटीतच वाढवता येई. २००५ पासून ते एक किलोने वाढवता येते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ११३ आणि १३५ असे २४८ किलो उचलले. १३९ किलोंच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलो करून सुवर्णपदक नेले. अंतर एका किलोचे होते.

अंतिम फेरीत धोका पत्करणे हा खेळाडूचा धर्म आहे, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण त्यामागे कित्येक वर्षांची तयारी आणि शेजारी प्रशिक्षक असतो. शाळेतल्या मुलाने मित्रांसमोर एकदम दहा किलो वाढवण्याला तो आधार नाही. विजेत्यांचे आकडे उद्दिष्ट म्हणून घेण्यात दुसरीही एक अडचण आहे. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून कित्येक वेटलिफ्टरांची पदके उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेतली गेली. १९८८ साली सोलमध्ये दोन सुवर्णविजेते दोषी ठरल्यावर बल्गेरियाचा संघच स्पर्धा सोडून गेला. जे आकडे पाहून मुलगा स्वतःला कमी लेखतो, ते सगळे नुसत्या मेहनतीने आलेले असतीलच असे नाही. तो कमीपणा घेऊन तो भलत्याच पावडरी आणि गोळ्यांकडे वळला, तर नुकसान बुटांच्या किमतीपुरते राहत नाही.

शाळेत काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. त्यासाठी लोखंड लागतेच असे नाही. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, मल्लखांब यांनीही हे साधते. वजने उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत मात्र खरी नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने, आधी तंत्र शिकून केलेला व्यायाम मुलांना मानवतो. घातक असते ती देखरेखीशिवाय जास्तीत जास्त वजन उचलून पाहण्याची चढाओढ.

विज्ञान आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही तासांना मिळून एक उपक्रम घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात आपली तीन मापे लिहावीत: न थांबता नीट किती बैठका होतात, किती जोर होतात आणि भिंतीपासून किती अंतरावरून गुडघा टेकतो. दर दोन आठवड्यांनी, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने, पुन्हा मापे घ्यावीत. बारा आठवड्यांनी प्रत्येकाने स्वतःचा आलेख काढावा. वर्गात यादी लावायची असेल तर ती सर्वांत जास्त आकड्यांची लावू नये. आठव्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या आलेखावरून बाराव्या आठवड्याचा अंदाज लिहून ठेवावा, आणि कुणाचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ आला ते पाहावे. या यादीत किडकिडीत मुलगा आणि तालमीत जाणारा मुलगा दोघेही पहिले येऊ शकतात. ज्याला स्वतःबद्दल अचूक अंदाज बांधता येतो, त्याला उद्दिष्ट ठरवता येते. त्याला कोणते बूट हवेत, की हवेतच कशाला, हेही सहसा दुकानदाराला विचारावे लागत नाही.